नकाशाचें वय

देवळाली प्रवरा येथील आमच्या एका आप्तांच्या वाड्यांत, माळ्यावरील पेटींतून, गेल्या उन्हाळ्यांत एक अमेरिकन नकाशासंग्रह निघाला. आरंभीचें नांवाचें पान गेलेलें, शिवण सुटलेली, कडा कसरीनें खाल्लेल्या. परंतु हातानें भरलेले गुलाबी, पिवळे व हिरवे रंग अद्याप टवटवीत. घरांत अशी परंपरा कीं, दादांच्या पणजोबांस तो नगरच्या अमेरिकन मिशनच्या शाळेंत १८४६ सालीं बक्षीस मिळाला. मिशननें नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, काम आरंभिलें तें १८३१ सालीं; तेव्हां अमेरिकन पुस्तक या बाजूस येणें यांत नवल नाहीं. प्रश्न सालाचा होता. दादांच्या हिशेबानें त्यांच्या कुळांतील विद्येचा आरंभ त्याच सालीं होतो, आणि नातवंडांस ते तसेंच सांगत आले आहेत.

तें साल कोठून आलें हें शोधावयास फार वेळ लागला नाहीं. नकाशांच्या तळाशीं बारीक इंग्रजी अक्षरांत, काँग्रेसच्या कायद्यान्वयें १८४६ सालीं नोंद केल्याचें वाक्य आहे. वाचकांनीं येथेंच सावध व्हावें. हें साल मालकीहक्काच्या नोंदीचें. कागद छापखान्यांतून बाहेर पडल्याचें नव्हे. जुन्या वस्तूंच्या बाजारांत मात्र पुष्कळदां एवढें वाचूनच किंमत सांगतात.

अमेरिकेंत पहिला नकाशासंग्रह छापला तो फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू केरीनें, १७९५ सालीं. तांब्याचा पत्रा खोदणें हें वेळखाऊ व खर्चाचें काम. म्हणून एकदां खोदलेला पत्रा टाकून देणें कोणासही परवडत नसे. जेथें जग बदललें तेवढाच भाग मागून ठोकून सपाट करावयाचा, पुन्हां खोदावयाचा, आणि नवी आवृत्ति विकावयाची. धनी बदलले तरी चित्र तेंच. हेन्री टॅनरनें १८३६ सालीं काढलेला संग्रह पुढें ऑगस्टस मिचेलकडे आला. १८४६ सालीं त्यानें तो दगडी छापावर उतरवून काढला. १८५० सालीं त्यावर टॉमस काउपरथ्वेट कंपनीचें नांव चढलें. आमच्या हातीं आलेली प्रत याच घराण्यांतली.

आम्हीं साहजिकच प्रथम हिंदुस्थानचें पान उघडलें, आणि फसलों. तेथें गोदावरीची रेघ व अहमदनगर हें नांव सांपडतें. प्रवरा नाहीं, मग देवळाली कोठली! पंजाबांत शिखांचेंच राज्य आहे. इंग्रजांनीं पंजाब खालसा केला १८४९ च्या मार्चमध्यें. तेव्हां संग्रह त्यापूर्वींचा, दादांचें साल खरें असण्याचा संभव आहे, असें आम्ही बोलूनही गेलों. दुसऱ्या दिवशीं सवडीनें अमेरिकेचीं पानें चाळलीं. टेक्सस संयुक्त संस्थानांत सामील आहे. ही गोष्ट १८४५ ची, तेथवर ठीक. परंतु मिसिसिपीच्या उगमाकडे ‘मिनेसोटा टेरिटरी’ असें स्पष्ट छापलें आहे, आणि तो प्रांत स्थापन झाला तोही १८४९ च्या मार्चमध्येंच. एकाच महिन्यांतील दोन घटना. एक नकाशावर आली, दुसरी आली नाहीं. कारण उघड आहे. मिनेसोटा राहून गेलें असतें तर फिलाडेल्फियाच्या गिऱ्हाइकानें पुस्तक परत केलें असतें. पंजाबाची चौकशी तेथें कोण करणार?

कॅलिफोर्निया सप्टेंबर १८५० मध्यें राज्य झालें; येथें तें अद्याप राज्य नाहीं. एरव्हीं अशा उणिवेवर आम्ही विसंबलों नसतों, पण ही उणीव खुद्द त्यांच्या घरची आहे. म्हणून प्रत बहुधा १८४९-५० ची.

आपल्या जिल्ह्याच्या नकाशांसही हाच न्याय. राहुरीवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग चालू म्हणून दाखविला असेल, तर नकाशा १८७८ पूर्वींचा नव्हे. पण तो मार्ग नाहीं एवढ्यावरून नकाशा त्याआधींचा म्हणणें धाडसाचें; जुनेंच चित्र कोणी पुन्हां छापलें असेल.

हें सर्व दादांस सांगणें जड गेलें. त्यांनीं ऐकून घेतलें, मिनेसोटाचें पान भिंग घेऊन दोनदां पाहिलें, आणि विचारलें, “म्हणजे बक्षीसही खोटें कीं काय?” आम्ही म्हणालों, “तसें नाहीं, दादा. बक्षिसाविषयीं नकाशा कांहींच बोलत नाहीं. तें १८४९ पूर्वीं मिळालें नसावें, इतकेंच.” पेटीच्या झाकणास आंतून एक चिठ्ठी चिकटविलेली होती. तिच्यांतील ‘१८४६’ वर त्यांनीं रेघ मारली व बाजूस ‘१८४९ नंतर’ असें लिहिलें. पणजोबांचें नांव तसेंच ठेविलें.