चित्रकाराच्या हातीं मेंदू

मेंदूच्या शास्त्रांत जन्म घालविणारी माणसें लहानपणापासून सूक्ष्मदर्शकाचीच वेडी असतात असें नाहीं. स्पेनमधील सांतियागो रामोन काहाल (१८५२–१९३४) याला व्हावयाचें होतें चित्रकार. शल्यवैद्य असलेल्या बापाला तें पसंत नव्हतें. त्यानें मुलाला न्हाव्याकडे, मग चांभाराकडे उमेदवारीस धाडलें, आणि अखेर दफनभूमींतील हाडें आणून त्याच्यापुढें रेखाटावयास ठेवलीं! पेन्सिल सुटली नाहीं. विषय तेवढा बदलला.

मेंदूचा पातळ काप पाहावा तर तंतूंचें नुसतें जंजाळ दिसे. १८७३ सालीं इटलींत कामिल्लो गोल्जी यानें, रुग्णालयांतील एका स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून, एक युक्ति शोधून काढली. पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांच्या योगानें असंख्य पेशींतून थोड्याच काळ्या होत. पण होत त्या फांद्यांच्या टोंकापर्यंत. काहालला ही रीत १८८७ मध्यें पाहावयास मिळाली. पुढल्याच वर्षीं पक्ष्यांच्या लहान मेंदूची चित्रें रेखाटून त्यानें प्रतिपादन केलें कीं, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. ती शेजारच्या पेशीला भिडते, तिच्यांत मिसळत नाहीं. गोल्जीच्या मतें मात्र सारें एकच अखंड जाळें होतें.

१९०६ चें नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यांत आलें. गोल्जीनें स्टॉकहोम येथील आपलें भाषण काहालच्या मताच्या खंडनांत खर्चिलें! ज्याच्या युक्तीनें इतरांना दिसलें, त्यालाच दिसूं नये, याचें मला नेहमीं वाईट वाटतें. पेशींमधील ती सूक्ष्म फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें १९५० ते १९६० च्या दरम्यान स्पष्ट दाखविली. तोंवर दोघेही या जगांत राहिले नव्हते.