पायलीत चिपटी किती?

आम्ही नवी मुंबईतल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. आज हिशोबाची जुनी गोष्ट सांगणार आहोत. रेडिओ बंद करू नका, या गोष्टीत आपल्या आज्या-पणज्याही आहेत.

दिवाळीआधी आमच्या गटाने वाशीच्या मसाला मार्केटातून मिरची-धणे आणून मसाला केला. तो भरला १८ किलो. पाव किलोच्या पिशव्या करायच्या होत्या. किती पिशव्या आणायच्या? आमच्यातल्या शिकलेल्यांनी मोबाईलवर १८ला ४ने भागलं. उत्तर आलं साडेचार. भागाकार केला की आकडा लहानच होतो, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं, त्यामुळे चूक कुठे झाली तेच कळेना. सहीपुरतंच लिहिणाऱ्या आमच्या मावशी म्हणाल्या, "अगं, किलोत पाव चार. अठरा चोक बहात्तर. बहात्तर पिशव्या आण."

मावशी हे कुठे शिकल्या? आईच्या मापांवर. पूर्वी घरोघरी धान्य मापाने मोजत. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. पुढे १६ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. पायलीपर्यंत प्रत्येक माप खालच्याच्या दुप्पट. चिपटं म्हणजे पाव शेर. तीन पायल्या तांदूळ म्हणजे १२ शेर, ते चिपट्याने मोजले तर चिपटं ४८ वेळा भरतं. वहीत हेच '१२ भागिले पाव' असं लिहितात. माप लहान घेतलं की ते जास्त वेळा भरावं लागतं, म्हणून उत्तर मोठं येतं. एवढंच आहे ते.

पंतोजींच्या शाळेत मुलगे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा घोकून पाठ करत. हे गुणाकाराचे पाढे, पण उलटे वाचले की भागाकार होतो. पावकीत चार पाव म्हणजे एक, तर एकात पाव किती? चार. मुलींना त्या शाळेत जागा नव्हती. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं घरात माप भरायचं बाईने आणि हिशोब लिहायचा पुरुषाने, अशी वाटणी होती. आम्हाला ती अजून खुपते.

आता जरा अवघड. मसाला ९ किलो आणि पिशवी पाऊण किलोची. मावशींनी आधी सगळ्याचे पाव केले : नऊ चोक छत्तीस. पाऊण म्हणजे तीन पाव, म्हणून ३६चे तीन-तीनचे वाटे घातले. बारा पिशव्या. म्हणजे ४ने गुणलं आणि ३ने भागलं. शाळेत बाई सांगायच्या, 'अपूर्णांक उलटा करा आणि गुणा'. का उलटा करायचा, ते आम्हाला वयाच्या पस्तिशीत मसाल्याने शिकवलं.

हाच नियम भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती' ग्रंथात दिला आहे : भाजकाचा अंश आणि छेद यांची अदलाबदल करावी, मग गुणाकार करावा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, हे ग्रंथ शिकवायला आपल्या चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला, तिथे त्याचा शिलालेख आहे. गंमत अशी की लीलावतीतली बरीच गणितं एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत.

पुढे १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. तोवर रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते. ऑक्टोबर १९५८पासून हळूहळू किलो-ग्रॅम आले. शेर गेला, चिपटं माळ्यावर गेलं आणि पावकी पुस्तकातून गेली. तरी बाजारात आपण अजून पावशेर मिरच्याच मागतो आणि भाजीवाली बरोबर २५० ग्रॅम तोलून देते.

मावशींच्या माहेरी एक पितळी चिपटं अजून आहे म्हणतात. पुढच्या बैठकीला त्या ते घेऊन येणार आहेत. तांदूळ आम्ही आणतोय. ज्यांना भागाकाराची भीती वाटते त्यांनी पुढे बसायचं.