गाडी किल्लीला काय विचारते

किल्ली हरवते. बाजारातला चावीवाला दार उघडून, कुलपाचा अंदाज घेऊन, नवी किल्ली करून देतो. ती दाराला लागते, इग्निशनमध्येही फिरते. सेल्फ लागतो, इंजिन एखादा सेकंद धरतं आणि बंद पडतं. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकत राहतो. चावीवाल्याची कानस कुठेही चुकलेली नाही, दात हुबेहूब आहेत. गाडीला हवं होतं ते दातांत नव्हतंच.

ते असतं किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात. जुन्या किल्लीचं डोकं उकलून पाहिलं, तर पुष्कळदा आत लवंगेएवढी काचेची नळी सापडते. तिच्यात काळी बारीक कांडी, तिच्यावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे आणि टोकाला कणभर चिप. बॅटरी नाही. रिमोटचा सेल वेगळा, तो दार उघडण्यापुरता. म्हणूनच सेल संपला तरी गाडी चालू होते. इग्निशनच्या भोकाभोवती तारेचं एक कडं असतं. किल्ली घातली की त्यातून बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर निघते. तिच्यातून काचेतल्या वेढ्यांत वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि बोलते.

या चिपचं कूळ कुलपांच्या घराण्यातलं नाही. मोटारीच्या धातूच्या किल्लीचा इतिहास छोटा आहे. सुरुवातीच्या मोटारी पुढून हँडल मारून चालू होत. फोर्डच्या मॉडेल टीला किल्ली होती, पण ती फक्त विजेचा प्रवाह जोडायची, आणि तिचे नमुने इतके मोजके की शेजाऱ्याची किल्ली आपल्या गाडीला लागणं नवलाचं नव्हतं. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. किल्ली फिरवून थेट इंजिन चालू करण्याची सोय क्रायस्लरने १९४९मध्ये आणली. पुढे स्टीअरिंग लॉक आलं. तरीही स्टीअरिंगखालच्या तारा जोडून गाडी पळवणारा चोर त्याला फारसा बधला नाही.

चिपचे पूर्वज आकाशात होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवर विमान ठिपक्यासारखं दिसे, पण आपलं की शत्रूचं हे ठिपका सांगत नसे. म्हणून विमानात एक पेटी बसवली. रडारची लहर आली की ती ठरलेलं उत्तर परत पाठवी. जर्मनांकडेही तशीच पेटी होती, आणि तिच्यातला दोष तिथेच उघडा पडला. विचारेल त्याला ती उत्तर देई. ब्रिटिशांनी ‘परफेक्टोस’ नावाचं यंत्र केलं. ते जर्मन पेटीला जर्मन रडारसारखा प्रश्न विचारी, आणि उत्तर आलं की रात्रीच्या अंधारात शत्रूचं विमान नेमकं कुठे आहे ते कळे.

यातला धडा असा की उत्तर दर वेळी तेच असेल, तर ते ओळख पटवत नाही. प्रश्न प्रत्येक वेळी नवा हवा, आणि त्याचं बरोबर उत्तर फक्त गुपित ठाऊक असणाऱ्यालाच काढता यावं. युद्धानंतर या दिशेने काम करणाऱ्यांत अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन केंद्रातला होर्स्ट फाइस्टेल होता. तोच पुढे आयबीएममध्ये गेला आणि बँकांच्या व्यवहारांना वर्षानुवर्षं राखणाऱ्या सांकेतिक पद्धतीचा पाया त्याने घातला.

बॅटरीशिवाय बोलणाऱ्या चिपचा रस्ता मात्र गोठ्यातून गेला. अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलमॉस प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात जनावरांच्या अंगावर लावायच्या अशा खुणा तयार झाल्या. गाय वाचकयंत्राजवळून गेली की तिचा नंबर कळे. गायीला खोटं बोलायचं कारण नसतं, त्यामुळे नंबर कायमचा एकच असला तरी चाले.

मग बर्लिनची भिंत पडली. सरहद्दी उघडल्या आणि जर्मनीतल्या मोटारी चोरून पूर्वेकडे नेण्याचा धंदा फोफावला. मोटारींत चोरीविरोधी सोय हवी म्हणून विमा कंपन्या अडून बसल्या. गोठ्यातली चिप किल्लीत आली, आणि ऑक्टोबर १९९८पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर, म्हणजे किल्लीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. या सक्तीची किंमत उलट्या उदाहरणातून कळते. अमेरिकेत असा नियम नव्हता, आणि किआ व ह्युंदाईच्या लाखो गाड्या तिथे इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या. २०२२च्या सुमारास पोरंटोरं इग्निशनचं झाकण फोडून यूएसबी केबलच्या टोकाने त्या चालू करून पळवू लागली. शेजारच्या कॅनडात इमोबिलायझर २००७पासून बंधनकारक असल्याने तिथे ही साथ पसरली नाही.

सुरुवातीच्या किल्ल्यांनी मात्र परफेक्टोसचा धडा विसरून गायीसारखा एकच नंबर सांगितला. एकदा ऐकला की नक्कल तयार. नंतर प्रश्नोत्तरं आली. गाडी एक यादृच्छिक आकडा फेकते, चिप आपल्या पोटातल्या गुपिताने तो फिरवून परत देते. गाडीनेही तेच गणित केलेलं असतं. उत्तरं जुळली तर इंधन सुटतं, नाही तर इंजिन मरतं.

इथे कंपन्यांनी जे केलं त्याचा मला राग येतो. ऑग्युस्त केर्कहॉफ्सने १८८३मध्येच लिहून ठेवलं होतं की सांकेतिक यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत, म्हणजे सांकेतिक आकड्यात, असावं. कंपन्यांनी पद्धतच लपवली आणि किल्ली तोकडी ठेवली. २००५मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४० बिटांची चिप फोडली. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण १६ चिपांच्या यंत्राने गुपित तासाभराच्या आत शोधलं. मेगामोस या दुसऱ्या पद्धतीतल्या उणिवांवरचा शोधनिबंध फोक्सवॅगनने २०१३मध्ये इंग्लंडच्या न्यायालयातून अडवला. तो प्रसिद्ध व्हायला २०१५ उजाडलं. ज्या मालकांच्या गाड्या धोक्यात होत्या, त्यांना तोवर त्यातला तपशील कळू दिला गेला नाही, हे अक्षम्य आहे.

खिशातून बाहेरच काढावी न लागणाऱ्या किल्लीने प्रश्न आणखी वेगळा केला. एक चोर घराच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी. दोघांकडची यंत्रं गाडीचा प्रश्न आतल्या किल्लीपर्यंत नेतात आणि उत्तर परत आणतात. गुपित फुटत नाही, उत्तरही खरं असतं, खोटं असतं ते फक्त अंतर. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी २०११मध्ये १० मॉडेलांवर हे करून पाहिलं, आणि दहाही फसली. आता काही गाड्या उत्तराला लागलेला वेळ मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे लांबचा फेरा लपत नाही. काही किल्ल्या हलवल्या नाहीत तर झोपी जातात.

म्हणून हरवलेल्या किल्लीचं काम दोन भागांचं असतं. दात कापणं सोपं, ते गाडीबरोबर मिळालेल्या बिल्ल्यावरच्या नंबरवरूनही होतं. खरं काम नव्या चिपची गाडीशी ओळख करून देण्याचं. त्यासाठी आरसी आणि ओळखपत्र पाहून कोड मागवतात, स्कॅनर लावतात. एकही किल्ली उरली नसेल तर खर्च आणि खोळंबा दोन्ही वाढतात. काही जुन्या गाड्यांत तर इमोबिलायझरची पेटीच बदलावी लागे. आणि नवी किल्ली ओळखीची झाली म्हणून हरवलेली अनोळखी होत नाही, ती गाडीच्या स्मरणातून मुद्दाम पुसावी लागते. बऱ्याच गाड्यांत पुसताना सगळ्याच किल्ल्या पुसल्या जातात आणि हाताशी असलेल्या पुन्हा नोंदवल्या जातात, म्हणून वर्कशॉपला जाताना घरातली दुसरी किल्लीही न्यावी. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करावी, कारण पुढे गाडी चोरीला गेलीच तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. जुनी गाडी विकत घेतानाही गाडीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते स्कॅनरवर पाहून घ्यावं. बऱ्याच गाड्यांत तो आकडा दिसतो, आणि तो तीन असून मालकाने हातात दोनच ठेवल्या, तर तिसरी त्याच दिवशी पुसून घ्यावी.