सिलॅबल-विभाजन, इंग्रजी शब्दांचे

उच्चार समजावा, स्पेलिंग लक्षात राहावे किंवा छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडता यावा, यासाठी इंग्रजी शब्दाचे पाडलेले तुकडे. सिलॅबल म्हणजे सहसा एका स्वराभोवती जमलेला ध्वनिसमूह. मोजायचे ते कानावर पडणारे स्वर, कागदावरचे नव्हेत. नऊ अक्षरी स्पेलिंगचा ‘स्ट्रेंग्थ्स’ एका सिलॅबलचा, तर चार अक्षरी ‘एरिया’ तिनाचा. ‘बटन’, ‘बॉटल’ या शब्दांच्या शेवटी तर पुष्कळदा स्वर उच्चारलाच जात नाही. एन किंवा एल हे व्यंजनच त्याची जागा चालवते.

सिलॅबल किती, यावर ‘फायर’सारखे थोडे शब्द सोडले तर एकमत होते. तोड नेमकी कुठे, यावर होत नाही. दोन स्वरांमधले व्यंजन कोणाचे? शब्दारंभी चालतील तितकी व्यंजने पुढच्या सिलॅबलला द्यावीत, असे एक मत. जॉन वेल्स यांचा लाँगमन उच्चारकोश (१९९०) व्यंजन अधिक आघाताच्या सिलॅबलला जोडतो. डॅनियल कान यांनी १९७६ च्या प्रबंधात ते एकाच वेळी दोन्हीकडचे असू शकते, अशी मांडणी केली.

शाळेतली रीत सोपी दिसते. ‘रॅबिट’ दोन बींच्या मधोमध तुटतो. ‘टायगर’मध्ये आयनंतर तोड, म्हणून आय दीर्घ, ‘कॅमल’मध्ये एमनंतर, म्हणून ए ऱ्हस्व. पण शब्द आधी ऐकलेला नसेल तर यांतली कोणती तोड लावायची, हे स्पेलिंग सांगत नाही. दोन्ही लावून पाहाव्या लागतात.

ऱ्हस्व स्वरामागे व्यंजन ठेवण्याची ही पद्धत रूढ करण्यात नोआ वेब्स्टरचा मोठा वाटा आहे. थॉमस डिलवर्थच्या १७४० च्या स्पेलिंग-पुस्तकाच्या वळणाने मुले ‘हॅबिट’ एनंतर तोडत आणि ‘नेशन’सारख्या शब्दांच्या शेवटच्या चार अक्षरांचे दोन सिलॅबल करत. वेब्स्टरने १७८३ च्या आपल्या पुस्तकात तोड उच्चाराच्या मागे नेली: ‘हॅबिट’ बीनंतर तुटला, ‘नेशन’ दोन सिलॅबलचा झाला. अमेरिकी छपाईची रीत आजही उच्चाराकडे झुकलेली आहे, ब्रिटिश रीत परंपरेने शब्दाच्या घडणीकडे. म्हणून ‘नॉलेज’ अमेरिकेत एलनंतर तुटतो, ब्रिटनमध्ये डब्ल्यूनंतर.

मराठी विद्यार्थ्याची अडचण तुकडे पाडण्यात कमी, त्यांच्या वजनात जास्त. ‘कम्फर्टेबल’ आपण चार सारख्या तुकड्यांत म्हणतो. इंग्रजी भाषक बहुधा तिनांत, पहिल्यावर जोर देऊन. ‘वेन्झडे’साठी घोकलेले ‘वेड-नेस-डे’ स्पेलिंगपुरते उत्तम, बोलताना विसरावे असे. जोर हलला की तोडही हलू शकते. ‘रेकॉर्ड’ नाम असताना आघात पहिल्या सिलॅबलवर आणि अमेरिकी तोड सीनंतर. क्रियापद असताना आघात दुसऱ्यावर आणि तोड ईनंतर.

अनेक अमेरिकी कोशांत मूळ शब्दाच्या पोटात ठिपके असतात. त्यांना उच्चाराची खूण समजणे ही सर्रास होणारी गल्लत. ते ठिपके छापणाऱ्यासाठी आहेत: ओळ कुठे तोडावी एवढेच ते सांगतात. एकटे अक्षर ओळीच्या टोकाला ठेवायचे नाही, या संकेतामुळे तीन सिलॅबलच्या ‘एरिया’ला छपाईत एकच तोड मिळते, आरनंतर. उच्चारासाठी शेजारच्या कंसातली ध्वनिचिन्हे आणि आघाताची खूण पाहावी.

संगणकावर हे काम फ्रँक लियांगने स्टॅनफर्डमधील १९८३ च्या प्रबंधात मार्गी लावले. त्याच्या ४,४४७ अक्षर-नमुन्यांना एका खिसाकोशातल्या ८९ टक्के तोडी सापडल्या, चुकीच्या तोडी जवळजवळ न करता. डोनाल्ड नूथच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीत हे नमुने आले, सोबत १४ अपवादांची यादी. ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रॉजेक्ट’ही नाम की क्रियापद यावर तोड बदलणारे शब्द, यंत्राला तो फरक कळत नसल्याने या यादीत त्यांना मुळीच न तोडण्याची सूचना आहे.