गाडी फुसफुसते तेव्हा

कांद्याच्या हंगामात विंचूरच्या उपबाजारात सकाळी उभे राहिले, तर दोन तऱ्हेचे फुसकारे कानी पडतात. ट्रकवाल्याने ब्रेक सोडला की मोठा ‘फुस्स’ होतो. एखाद्या जुन्या मोटारीच्या ब्रेक-पेडलपाशी मात्र बारीक, न थांबणारा ‘स्स्स’ चालू असतो. पहिल्यात हवा बाहेर पडते, दुसऱ्यात बाहेरची हवा आत शिरते. नुसत्या कानाला हा फरक कळत नाही, आणि दुसरा आवाज दुर्लक्ष करण्याजोगा मुळीच नाही.

हवा आत ‘ओढली’ जाते असे आपण सहज म्हणतो. खरे तर ती बाहेरून ढकलली जाते. टॉरिचेलीने १६४०च्या दशकात पाऱ्याच्या नळीने वातावरणाचा दाब मोजला, तो सुमारे ७६ सेंमी. पाऱ्याइतका भरला. पुढच्या दशकात जर्मनीत ओटो फॉन गेरिकेने दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली, तर घोड्यांच्या जोड्यांनाही ते ओढून वेगळे करता येईनात. हा प्रयोग पाठ्यपुस्तकात असतो. पण त्याच दाबाने आगगाडी थांबवता येते, हे सहसा तिथे नसते.

विंचूरला सर्वांत जवळचे स्टेशन लासलगाव. या मार्गावर कित्येक दशके निर्वात ब्रेकच्या गाड्या धावल्या. त्यांची रचना मोठी चतुर होती. सर्व डब्यांखालून एकच नळी जाई व इंजिन तिच्यातली हवा सतत काढून घेई. साधारण ५३ सेंमी. पाऱ्याइतकी निर्वातता असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहत. नळीत हवा शिरली की ब्रेक लागत. प्रवाशाने साखळी ओढली, म्हणजे तो एक झडप उघडून हवेला वाट करून देई. डबा फुसफुसू लागे, आणि गार्डला साखळी कुठे ओढली ते शोधायला तो आवाज उपयोगी पडे.

ही रचना सक्तीची झाली ती एका शालेय सहलीमुळे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथून मुलांची सहल घेऊन निघालेली गाडी चढावर अडकली. गाडी दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी न्यायचे ठरले. ब्रेक निर्वाताचेच होते, पण उलट्या धर्तीचे : निर्वात असेल तेव्हाच ते लागत. जोड सुटताच मागच्या डब्यांचे ब्रेक गेले. गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड पुरे पडले नाहीत. डबे उतारावरून मागे घसरत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे दगावली, त्यांत बरीच मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

मोटारीत मात्र आर्माचीच उलटी धर्त राहिली. १९२०च्या दशकात बेल्जियन अभियंता आल्बेर देवांद्र याने चालकाच्या पायाला निर्वाताची मदत देणारी योजना काढली. गॅरेजवाले तिला ‘बूस्टर’ म्हणतात. पत्र्याच्या डब्यात एक रबरी पडदा असतो. एरवी त्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात असतो. पेडल दाबताच एका बाजूला हवा येते व पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास २० सेंमी. आणि दाबातला फरक ४५ सेंमी. पारा धरला, तर जोर किती? विद्यार्थ्यांना गणित घालून पाहा. उत्तर १९० किलोग्रॅम वजनाच्या आसपास येते. पडदा फाटला किंवा नळी चिरली, तर हा सारा जोर जातो. ब्रेक लागतो, पण पेडल दगडासारखे घट्ट होते आणि गाडी लांब जाऊन थांबते. आगगाडीत गळतीने गाडी थांबे, इथे गळतीने ती थांबेनाशी होते.

म्हणून निदान नीट करावे. पेडल दाबताना क्षणभर फुसकारा येणे ठीक, दाबून धरल्यावरही तो चालूच राहिला तर बूस्टरचा संशय घ्यावा. इंजिन बंद करून पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबायचे, दाबून धरायचे आणि इंजिन सुरू करायचे. पेडल किंचित खाली गेले तर मदत मिळते आहे. नाहीच गेले, तर गळती शोधायची. त्यासाठी हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे जोडांजवळून फिरवायचे. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. लानेक यांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली, तीच ही युक्ती. फिरता पंखा आणि पट्टा यांपासून मात्र हात दूर ठेवावा. संशयित नळी पकडीने दाबून आवाज थांबला, तर दोष त्या जागेच्या पलीकडे आहे.

साबणाच्या पाण्याचा इथे एक गमतीदार अनुभव येतो. पंक्चरवर बुडबुडे येतात, इथे येत नाहीत. पाणीच चिरेत गडप होते आणि आवाज क्षणभर बदलतो. काही कारागीर यासाठी पेट्रोल शिंपडतात. ते कुणीही करू नये, आग लागते.

डिझेल पिकअपचे इंजिन तपासताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पेट्रोल इंजिनात हवेची वाट आवळली जाते म्हणून निर्वात आयता मिळतो. डिझेलमध्ये तसा मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप बसवलेला असतो. नळ्या सगळ्या शाबूत, फुसकारा कुठेच नाही, आणि पेडल तरीही घट्ट, असे असेल तर तो पंप उघडून पाहावा.