डब्यातलं ओलं मीठ आणि एमआयडीसीचं तळं

पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आजची गोष्ट तिथून सुरू होते आणि पिंपरी-चाकणला येऊन पोचते.

१६८७ साली एडमंड हॅलीनं, हो, तोच धूमकेतूवाला, भांड्यात समुद्राइतकं खारट पाणी घेतलं, उन्हाळ्यातल्या हवेइतकं कोमट ठेवलं आणि दोन तासांत वजन किती घटतं ते मोजलं. त्यावरून त्यानं समुद्रातून किती वाफ उठते याचा अंदाज बांधला.

कोकणातल्या मिठागरात हेच काम रोज चालायचं. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांतून पुढे पुढे न्यायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरायला लागतं. पण गंमत बघा, जितकं पाणी खारट, तितकं ते हळू आटतं. क्षार पाण्याला धरून ठेवतात ना! मिठानं पूर्ण भरलेल्या पाण्याचा बाष्पदाब गोड्या पाण्याच्या साधारण ७५ टक्केच असतो. म्हणजे हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते आटणं सोडाच, उलट हवेतलंच पाणी ओढतं. डब्यातल्या मिठाचं हेच होतं.

मीठ कोणी काढायचं, यावर इंग्रजांनी १८९० मध्ये मुंबई इलाख्यासाठी कायदा केला. तो मोडायला मे १९३० मध्ये लोक शिरोड्याच्या मिठागरात उतरले. पण पाणी किती आटेल, हे कुठल्याच सरकारच्या हातात नव्हतं.

आजही नाही. खाणीच्या गाळाच्या तळ्यांत वर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. तो ऊन परत फेकतो, खालची ओल अडवतो, आणि आटणं आणखी मंदावतं.

आता पिंपरी. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये एमआयडीसी, मग भोसरी, चाकण. १९७४ च्या कायद्यानं सांडपाण्यावर बंधन आलं. आरओ लावला की चांगलं पाणी परत मिळतं, पण मागे अतिखारट पाणी उरतं. ते उघड्या तळ्यात आटवायचं ठरवलं आणि हिशोब गोड्या पाण्याचा धरला, तर तळं लहान पडणारच. मग जूनमध्ये पाऊस आला की ते भरून वाहणार. उतार कुठे? पवना, नाहीतर इंद्रायणी.

म्हणून तळं खोदण्याआधी एकच प्रश्न विचारा: आटण्याचा आकडा कुठल्या पाण्याचा धरलाय? मिठागरातल्या माणसाला तो कधी विचारावा लागला नाही.

भेटूया पुढच्या भागात!