जिंकलेला खाली, हरलेला वर: बॉयसी स्टेटची गोष्ट

कानात हेडफोन असतील तर उत्तम, नसतील तर हे शब्दांकन वाचा. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

एका श्रोत्याने प्रश्न पाठवला होता: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये छोट्या गटातल्या कोणत्या टीमला मोठ्या गटात बढती मिळायला हवी? वाटलं, पाच मिनिटांत उत्तर देऊन टाकू. मग वाचत गेले आणि लक्षात आलं की प्रश्नातला ‘बढती’ हा शब्दच तिथे लागू होत नाही.

आपल्याला बढती कळते. रणजीच्या प्लेट गटात २०२४ साली हैदराबाद आणि मेघालय फायनलला पोचले आणि दोघेही एलिट गटात गेले. मैदानावर कमावलं, वर गेले, विषय संपला. अमेरिकन कॉलेजांत तसं नाही. तिथे वर जायला आमंत्रण लागतं आणि ते कोणी द्यायचं, तर जे आधीच आत आहेत त्यांनी. विरार लोकलच्या दारात उभे असलेले ठरवतात ना, की पुढच्या स्टेशनवर कोणाला चढू द्यायचं? तसंच.

आधी दोन वाक्यांत रचना सांगते. कॉन्फरन्स म्हणजे साधारण दहा ते अठरा विद्यापीठांचा गट. ते एकमेकांशी खेळतात, टीव्हीचे हक्क एकत्र विकतात आणि आलेले पैसे वाटून घेतात. हे टीव्हीचं प्रकरण सुरू झालं १९८४ मध्ये. तोवर कोणाची मॅच दाखवायची हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. सुप्रीम कोर्टाने तो मक्ता मोडला आणि विद्यापीठं, पुढे कॉन्फरन्स, आपापले करार करायला मोकळ्या झाल्या. तिथून पुढे मॅच कोण जिंकतं याच्याइतकंच ती किती घरांत दिसते हेही महत्त्वाचं झालं.

आता बॉयसी. आयडाहो राज्याची राजधानी, २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर. बॉयसी स्टेट १९३२ मध्ये दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज म्हणून सुरू झालं, चार वर्षांचं झालं १९६५ मध्ये आणि फुटबॉलच्या सर्वांत वरच्या विभागात आलं ते थेट १९९६ मध्ये. लोकांना माहीत काय होतं, तर त्यांचं निळं मैदान. १९८६ मध्ये त्यांनी हिरव्याऐवजी निळं कृत्रिम गवत टाकलं आणि देशभर लोक हसले. (मला ते आवडतं. माझं कॉलेज तालुक्याच्या गावातलं, तिथे मैदानाला कुठलाच रंग नव्हता, नुसती धूळ. त्यामुळे माझा कल कुणाकडे असणार ते तुम्ही ओळखलंच असेल.)

१ जानेवारी २००७. फिएस्टा बोल, ॲरिझोना. समोर ओक्लाहोमा, म्हणजे या खेळातलं खानदानी घराणं. बॉयसी २८-१० ने पुढे होती. मग ओक्लाहोमाने बरोबरी केली आणि शेवटचं एक मिनिट उरलं असताना बॉयसीचा पास पकडून थेट टचडाउन केला. ३५-२८. बॉयसीकडे शेवटची संधी, १८ यार्ड हवेत आणि सगळ्यांना वाटलं की झालं. तेव्हा त्यांनी एक गल्लीतली युक्ती काढली: एकाने पास पकडला आणि सगळे त्याच्या अंगावर धावले, तसा त्याने चेंडू उलट्या दिशेने पळणाऱ्या जोडीदाराकडे टाकला. ७ सेकंद उरले असताना ३५-३५.

ओव्हरटाइममध्ये ओक्लाहोमाने पहिल्याच चालीत टचडाउन केला. बॉयसीनेही केला. आता एका गुणाची किक मारून बरोबरी साधता आली असती. कोच ख्रिस पीटरसन यांनी ती मारली नाही, दोन गुणांसाठी खेळायचं ठरवलं. क्वार्टरबॅकने उजव्या हाताने फेकल्याचा आव आणला, चेंडू मात्र डाव्या हातात, पाठीमागे. तिथून इयन जॉन्सनने तो उचलला आणि मोकळ्या बाजूने चालत गेल्यासारखा आत गेला. ४३-४२. वर त्या पठ्ठ्याने तिथेच, टीव्हीवर लाइव्ह, गुडघ्यावर बसून चीअरलीडर असलेल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली. यूट्यूबवर आहे, बघाच.

त्या सीझनमध्ये वरच्या विभागात एकही मॅच न हरलेली ती एकमेव टीम होती. क्रमवारीत मिळालं काय? पाचवं स्थान. कारण सांगितलं गेलं की तुम्ही सोप्या गटात खेळता. बरं, मग अवघड गटात घ्या! तर ते आमच्या हातात नाही.

आता खरी गंमत. त्याच काळात छोट्या गटांतून तीन टीम वर येत होत्या: बॉयसी, युटा आणि टेक्सासमधली टीसीयू. युटा २००४ आणि २००८ असे दोन सीझन अजिंक्य राहिली, दुसऱ्या वेळी तर शुगर बोलमध्ये अलाबामाला ३१-१७ ने हरवून. टीसीयू २०१० मध्ये १३-०, रोझ बोल जिंकून. आणि २००९ च्या सीझनअखेर फिएस्टा बोलमध्ये बॉयसी आणि टीसीयू समोरासमोर आल्या, दोघीही न हरलेल्या. बॉयसी १७-१० ने जिंकली आणि सीझन संपवला १४-० वर.

पुढे काय झालं? युटाला २०१० मध्ये पॅक-१० चं आमंत्रण आलं, ती २०११ पासून तिथे खेळली आणि गटाचं नाव पॅक-१२ झालं. टीसीयूला बिग ट्वेल्व्हने २०१२ पासून घेतलं. बॉयसी? माउंटन वेस्टमध्ये. म्हणजे सामना जिंकलेला खालीच राहिला आणि हरलेला वर गेला. टीसीयू डॅलस-फोर्ट वर्थ भागात आहे, युटा सॉल्ट लेक सिटीत. बॉयसी बॉयसीत. पीटरसन यांच्या आठ सीझनमध्ये ९२ विजय आणि फक्त १२ पराभव झाले, तरी नकाशा काही बदलला नाही.

दुसरं कारण दिलं जायचं शिक्षणाचं. कालपरवाचं ज्युनियर कॉलेज, संशोधनात नाव नाही वगैरे. मला हा मुद्दा अगदीच खोटा वाटत नाही, विद्यापीठांनी सोबत्यांकडून अभ्यासाची अपेक्षा धरणं बरोबरच आहे. पण मग बिग टेनने २०१० मध्ये नेब्रास्काला बोलावलं. २०११ मध्ये मोठ्या संशोधन विद्यापीठांच्या संघटनेने नेब्रास्काचं सदस्यत्व काढून घेतलं. बिग टेनने? ठेवून घेतलं. नेब्रास्काकडे फुटबॉलची गर्दी होती.

याहून बोलकं उदाहरण रटगर्सचं. न्यू जर्सीतलं हे विद्यापीठ १८६९ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध इतिहासातला पहिला आंतरविद्यापीठ फुटबॉल सामना खेळलं आणि जिंकलंही. बिग टेनने त्यांना २०१४ पासून घेतलं ते मात्र त्या इतिहासासाठी नाही. बिग टेनचं स्वतःचं चॅनल होतं आणि केबलच्या जमान्यात गटाचं एखादं विद्यापीठ जवळ असलं की त्या भागातल्या घराघरातून चॅनलला जास्त पैसे मिळायचे. रटगर्सच्या शेजारी कोण? न्यू यॉर्क. मैदानावर मग २०१६ मध्ये मिशिगनने त्यांना घरी येऊन ७८-० ने हरवलं. काही बिघडलं नाही. तिथे बढती नाही तशी घसरणही नाही.

‘छोट्या टीम दर आठवड्याला तगड्यांशी खेळल्या तर कोसळतील’ हाही आक्षेप असतो. तो तपासता येतो. टीसीयू २०१३ मध्ये ४-८ झाली आणि युटा २०१२, २०१३ दोन्ही वर्षी ५-७. कोसळल्याच की! पण मोठ्या गटाचे पैसे आणि नाव आलं की चांगली मुलं यायला लागतात आणि त्यांना तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात. टीसीयू २०१४ मध्ये १२-१. युटाने २०२१ आणि २०२२ असं लागोपाठ पॅक-१२ चं विजेतेपद घेतलं. बॉयसीला ही वाईट दोन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत.

फुटबॉल सोडून बोलायचं, तर युकॉनच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमकडे २०२५ पर्यंत १२ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. मोठ्या चार गटांत त्यांना अजून जागा नाही, कारण विद्यापीठाचं फुटबॉल कमकुवत आहे. हे ऐकून मी फोन बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसती बसले होते.

डॅलसच्या एसएमयूने वेगळा मार्ग काढला. १९८७ मध्ये खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल एनसीएएने त्यांचा पूर्ण सीझन रद्द केला होता, १९९६ मध्ये जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स फुटली तेव्हाही ते बाहेर फेकले गेले. २०२४ मध्ये ते एसीसीत शिरले, कसे? नऊ वर्षं गटाच्या टीव्ही हक्कांचा वाटा घेणार नाही, असं कबूल करून. श्रीमंत माजी विद्यार्थी पाठीशी असले की असं जमतं. आणि पहिल्याच वर्षी गटात आठपैकी आठ सामने जिंकले. म्हणजे लायकी होतीच, तिकीट नव्हतं.

मग माझं उत्तर? २०१० मध्ये विचारलं असतंत तर डोळे मिटून बॉयसी स्टेट. आज विचाराल तर मी आधी वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगॉन स्टेटचं नाव घेईन, कारण त्यांना आत घ्यायचं नाही, परत घ्यायचंय. २०२२-२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांपासून सुरुवात होऊन पॅक-१२ मधली दहा विद्यापीठं जास्त पैशांच्या गटांत निघून गेली. पुलमन आणि कॉर्व्हॅलिस या छोट्या गावांतल्या दोघांना कोणी विचारलं नाही. २०२४ मध्ये पॅक-१२ नावाच्या गटात दोनच टीम उरल्या होत्या. त्यांनी कोर्टात भांडून गटाचा ताबा तेवढा राखला.

त्या दोघांनी मग २०२४ मध्येच नवे सोबती शोधले आणि पहिल्या यादीत नाव होतं बॉयसी स्टेट, २०२६ पासून. पंधरा वर्षांपूर्वी ज्या दारावर ती उभी होती तेच दार उघडलं. आत मात्र ज्यांच्याशी खेळायचं होतं ते सगळे सामान घेऊन गेले होते.

त्या जाहीर झालेल्या आमंत्रणानंतर काही महिन्यांनी, २०२४ च्या शेवटच्या दिवशी, बॉयसी पुन्हा फिएस्टा बोलमध्ये होती, बारा टीमच्या नव्या प्लेऑफमध्ये तिसऱ्या मानांकनासह. ॲश्टन जेंटी नावाचा त्यांचा रनिंग बॅक त्या सीझनमध्ये २,६०१ यार्ड पळाला. पेन स्टेटने ३१-१४ ने हरवलं. मी पूर्ण मॅच पाहिली आणि दर चौथ्या डाउनला वाट बघत होते, की आता कोणीतरी चेंडू पाठीमागे लपवेल.